डेल्टाची प्रश्नावली ओमिक्रॉनला पुरली नाही

गृहविलगीकरणातल्या करोना रुग्णांची फोनवरून रोज विचारपूस करण्याचं काम मी दोनदा केलं: २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये डेल्टाच्या दुसऱ्या लाटेत आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या तिसऱ्या लाटेत. आजाराचं नाव तेच, पण दुसऱ्या खेपेला निम्मी प्रश्नावली खोडावी लागली.

डेल्टाच्या वेळी पहिला प्रश्न तारखेचा. रिपोर्टची तारीख नव्हे, पहिली कणकण जाणवली तो दिवस. लोक रिपोर्टपासून मोजायचे, त्यामुळे वहीत ‘तिसरा दिवस’ लिहिलेला माणूस खरं तर सहाव्या-सातव्या दिवसावर असायचा. हा घोळ जिवावर बेतणारा होता. डेल्टात सुरुवातीला ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. मग जरा बरं वाटायचं आणि साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात ऑक्सिजन घसरायचा. धाप लागेलच असंही नाही. ८८ आकडा असलेला माणूस फोनवर व्यवस्थित गप्पा मारू शकतो.

म्हणून ऑक्सिमीटर कसा लावायचा हे रोज सांगावं लागे. नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, हात स्थिर ठेवा, पहिला आकडा सोडून द्या, अर्ध्या-एक मिनिटाने जो टिकेल तो लिहा. बसल्या जागी ९४ किंवा वर असेल तरच पुढची पायरी: घरातल्या सपाट फरशीवर ६ मिनिटं चालणं, साठीपुढच्यांनी ३ मिनिटं. चालून आकडा ३ हून जास्त उतरला, की दवाखाना. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. त्यामुळे ९४ वर अडकलेल्या माणसाबद्दल मी निर्धास्त नसे.

सगळ्यात जास्त नुकसान घाईच्या स्टेरॉइडने केलं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा (रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस) फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांनाच दिसला होता. इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठीवरून दुसऱ्याच दिवशी गोळ्या सुरू व्हायच्या. मधुमेह असेल तर साखर भडकायची आणि म्युकरमायकोसिसला (काळ्या बुरशीला) रान मोकळं. त्यामुळे ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत, पाकिटावरचं नाव वाचा’ हा प्रश्न दोन्ही खेपांना कायम राहिला.

वासाचा प्रश्न मात्र बाद झाला. डेल्टात हिंगाची डबी हुंगायला सांगायची. नाक मोकळं असूनही वास येत नसेल तर रिपोर्टची वाट न बघता करोना धरून चालायचं. विषाणू नाकातल्या वास ओळखणाऱ्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो, म्हणून सर्दी नसतानाही वास जातो. ओमिक्रॉनमध्ये हिंग बहुतेकांना छान ओळखू यायचा. लस घेतलेल्या लोकांवर झालेल्या ब्रिटिश अभ्यासात वास गेल्याचं डेल्टाच्या काळात ५२.७ टक्क्यांनी सांगितलं, ओमिक्रॉनच्या काळात १६.७ टक्क्यांनी. घसा दुखण्याचं प्रमाण उलट ६०.८ वरून ७०.५ वर गेलं.

जानेवारीतल्या फोनवर तेच ऐकू यायचं. थुंकी गिळवत नाही, आवाज बसलाय, नाक टपटप गळतंय, कंबर धरलीय. संसर्गापासून लक्षणांपर्यंतचा काळही आखडला होता, साधारण ३ दिवस. डेल्टाला ४ च्या आसपास लागत. हाँगकाँगच्या प्रयोगशाळेत ओमिक्रॉन श्वासनलिकेच्या ऊतीत डेल्टापेक्षा कितीतरी वेगाने आणि फुफ्फुसाच्या ऊतीत हळू वाढताना दिसला होता. लक्षणं वरच्या वर का अडकत होती, याचा बराचसा उलगडा त्यातून होतो.

इथे चूक व्हायची ती घरच्या टेस्ट किटची. घसा धरल्याच्या पहिल्याच दिवशी टेस्ट निगेटिव्ह आली की लोक लग्नाला जायचे. आमचं सांगणं: २४ ते ४८ तासांनी पुन्हा करा, तोवर मास्क. पट्टी किटवर दिलेल्या वेळेतच वाचा, तासाभराने उमटलेली रेघ धरू नका.

‘सौम्य’ हा शब्द मी जपून वापरला. २०२२ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये लस न घेतलेली म्हातारी माणसं ओमिक्रॉननेच मोठ्या संख्येने दगावली. वयस्कांना ऑक्सिजनच्या आकड्यासोबत ‘लघवी किती वेळा झाली’ आणि ‘बोलण्यात गोंधळ आहे का’ हे विचारू लागलो. लहान मुलांत कुत्रा भुंकल्यासारखा खोकला दिसू लागला. मूल शांत असतानाही श्वास आत घेताना आवाज येत असेल तर घरी थांबायचं नाही.

लक्षणांवरून व्हेरियंट सांगा, असा आग्रह करणारे पुष्कळ भेटले. एकट्या रुग्णाबाबत ते जमत नाही. अगदी आरटी-पीसीआरमध्ये विषाणूचं एस जनुक न सापडणं ही खूणसुद्धा ओमिक्रॉनच्या बीए.१ या उपप्रकारात दिसायची, बीए.२ मध्ये ते सापडायचं. खात्री जनुकीय क्रमनिर्धारणाने, आणि तो अहवाल यायच्या आत माणूस बरा झालेला असायचा. २०२३ मध्ये ओमिक्रॉनच्याच एक्सबीबी.१.१६ या उपप्रकाराच्या वेळी मुलांचे चिकटलेले डोळे चर्चेत आले, पण डोळे ॲडिनोव्हायरसनेही येतात.

तिसऱ्या लाटेत एक बारीक गोष्ट यादीत सगळ्यात वर चढवावी लागली. वर्षभर कपाटात पडलेल्या ऑक्सिमीटरचे सेल गळलेले असायचे. आधी नवे सेल घाला, घरातल्या धडधाकट माणसाच्या बोटाला लावून बघा, मग रुग्णाचा आकडा सांगा.