तुम्ही विचारलंत म्हणून: मला बाई व्हायचंय का?

मागच्या महिन्यात एका कॉलेजात लिंगभावावर बोलायला गेलो होतो. बोलणं संपल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, राग मानू नका, पण मग तुम्हाला बाई व्हायचंय का?" राग कसला येणार? हाच प्रश्न मला माझ्या मेहुण्याने विचारलाय, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याने विचारलाय, मी जिच्याकडून कानातली घेतो त्या दुकानातल्या मुलीने विचारलाय. त्या दिवशी वेळ थोडा होता, म्हणून इथे नीट उत्तर देतो.

नाही. मला बाई व्हायचं नाही. मी पुरुष आहे, साठीला आलोय, एका सहकारी बँकेत तीस वर्षं नोकरी केली आहे. लग्न झालंय, एक मुलगी आहे. महिन्यातून दोन-तीन संध्याकाळी मी साडी नेसतो, टिकली लावतो, बांगड्या भरतो. एवढं सांगितलं की विचारणारा जास्तच गोंधळतो. मी 'हो' म्हटलं असतं तर त्याला ते समजायला सोपं गेलं असतं.

माझं लहानपण मिरजेत गेलं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे स्त्रीभूमिका गाजवणारे आपले बालगंधर्व, 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले ते मिरजेतच, आणि मिरजेला त्याचा अभिमान आहे. गावातल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. माझ्या आजोबांनी तरुणपणी त्यांची नाटकं पाहिली होती. 'एकच प्याला'तली सिंधू ठिगळाचं लुगडं नेसून यायची तेव्हा थिएटरात कसे हुंदके ऐकू यायचे, हे सांगताना त्यांचा स्वतःचा आवाज जड व्हायचा. नारायणरावांचा पदर, त्यांचा खोपा, त्यांचं मान वळवणं. मोठ्या घरच्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या, हे ते दर वेळी सांगायचे आणि मी दर वेळी नव्याने ऐकायचो.

नऊ वर्षांचा असताना एका दुपारी मी आईची जांभळी साडी नेसून आरशासमोर उभा होतो आणि आजोबा खोलीत आले. त्यांनी मला मारलं नाही. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आमच्या दारात सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेले पुरुष, जोगते, यायचे. डोक्यावर जग, म्हणजे देवीच्या मूर्तीची टोपली, कपाळभर भंडारा, हातात चौंडकं हे वाद्य. त्यातला एक उंच, सावळा, दाढीची निळसर सावली असलेला, आणि अंगावर हिरवं लुगडं. आजी त्याच्या परडीत जोंधळे घालायची आणि वाकून नमस्कार करायची. मी विचारलं, हा बाई आहे की बुवा? आजी म्हणाली, "देवीचं माणूस आहे, असं विचारू नये." तो गेल्यावर मात्र आम्ही पोरांनी त्याची चाल करून दाखवली तर पाठीत धपाटा बसायचा. त्या जोगत्याला आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं मी कधी पाहिलं नाही. केसात जट आली म्हणून देवीला सोडलेली पोरं, जोगव्यावर चालणारं पोट, पन्नाशीनंतर बघायला कुणी नाही, हे सगळं मला फार उशिरा कळलं. आजीचा नमस्कार खरा होता. पण नमस्कार केलेल्या माणसाला गावात भाड्याने खोली मिळत नव्हती, हेही खरं होतं.

म्हणजे लुगडं नेसलेल्या पुरुषाला आमच्याकडे जागा दोनच होत्या, रंगमंचावर किंवा देवीच्या पायाशी. माजघरात ती नव्हती. आणि मला तर माजघरातच राहायचं होतं.

पुण्यात नोकरी लागल्यावर मी एकटा राहू लागलो आणि पहिली साडी विकत घेतली. दुकानदाराने "वहिनींचा रंग कसा आहे?" असं विचारलं तेव्हा मी माझ्याच हाताकडे बघत "सावळा" म्हणालो. ब्लाउज शिवायला टाकताना नाटकाचं निमित्त सांगितलं. लग्न ठरलं तेव्हा सगळं बोचक्यात बांधून नदीत सोडून आलो. आमच्यासारख्या पुष्कळांनी हे एकदा तरी केलेलं असतं. वर्षभरात मी पुन्हा साडी घेतली.

1996 साली एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी एक जाड पुस्तक उघडून मला ओळ दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, तिच्या दहाव्या आवृत्तीत, माझ्यासारख्यांसाठी एक वेगळा क्रमांक होता: जो काही वेळापुरता दुसऱ्या लिंगाचे कपडे घालतो, ज्याला कायमचं बदलायचं नसतं, असा माणूस. वर्णन इतकं चपखल होतं की मला क्षणभर बरं वाटलं. जगात आणखी कुणी तरी असणार, त्याशिवाय का छापलंय? मग लक्षात आलं, ही यादी आजारांची आहे. तीन महिने गोळ्या घेतल्या. झोप खूप आली, साडीची ओढ होती तशीच राहिली. त्या यादीची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली आणि तिच्यातून तो क्रमांक काढून टाकला आहे. बातमी वाचली तेव्हा मी बँकेत होतो. बाथरूममध्ये जाऊन रडलो. पंचवीस वर्षं जो आजार मी अंगावर वागवला तो आजारच नव्हता.

बायकोला कळलं 1999 मध्ये. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची बॅग तिच्या हातात आली. तिला आधी वाटलं, माझं बाहेर कुणीतरी आहे. ब्लाउज उलगडून खांद्याचं माप बघितल्यावर तिला खरं कळलं. तिने विचारलं, "माझं काय कमी पडलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिचं काहीच कमी पडलेलं नव्हतं, आणि हे मी कितीही वेळा सांगितलं तरी तिला पटायला सात वर्षं लागली. त्या सात वर्षांबद्दल लोक मला फार कमी विचारतात. ती कुणाशी बोलू शकत नव्हती. बहिणीशी नाही, आईशी नाही. मी तिला ज्या गुपितात ओढलं ते तिने मागितलेलं नव्हतं. आज लोक माझ्या धाडसाचं कौतुक करतात तेव्हा मला तिची ती सात वर्षं आठवतात.

तिने अटी घातल्या. "माझ्या साड्यांना हात लावायचा नाही. पोरगी घरात असताना नाही. मला दाखवायचं नाही." मी पाळल्या. तेव्हापासून आमच्या घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं, नुसतं 'ते' म्हणायचं. "शनिवारी मी भावाकडे जाते, तुमचं ते करून घ्या." मुलगी एकोणीस वर्षांची झाल्यावर आम्ही दोघांनी बसून तिला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आईला त्रास होत नाही ना?"

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. साडी नेसल्यावर होतं काय? डाव्या हाताने निऱ्या धरून उजव्या हाताच्या बोटांनी एकेक घडी चढवत जाताना माझा श्वास संथ होतो. पदर खांद्यावर आला की खांदे खाली उतरतात. मी दुसरी कुणी होत नाही, वेगळं नाव घेत नाही, आवाज बदलत नाही. दिवसभर बसताना, हसताना, हात हलवताना स्वतःवर जी राखण मी करत असतो ती तेवढा वेळ थांबते. माझ्यात जे बायकी आहे असं मला लहानपणापासून ऐकवलं गेलं, ते माझ्यात आहेच. ते काढून टाकायचंही नाही आणि तेवढंच होऊनही राहायचं नाही. हे कपड्यांचं झालं. मी स्वतःला कोण समजतो हे वेगळं आणि मला कोण आवडतं हे आणखी वेगळं. या तिन्हींची गाठ एकच असते असं आपण धरून चालतो, म्हणून उत्तर ऐकून गोंधळ उडतो.

पण माझं उत्तर माझ्यापुरतं आहे. साडी नेसणाऱ्यांच्या आमच्या छोट्या गटात एक जण होती, तीही सुरुवातीला माझ्यासारखंच म्हणायची, "छंद आहे हो, शनिवार-रविवारचा." चार वर्षांनी एका संध्याकाळी साडी सोडायची वेळ आली आणि ती सोडेना. म्हणाली, "मी आता पॅंट घालते ना, ते सोंग आहे." ती स्त्री आहे. तिला सगळं सोडावं लागलं, घर, नोकरी, गाव. मला संध्याकाळी नऊ वाजता पुन्हा शर्ट घालून दूध आणायला जाता येतं. आम्हा दोघांच्या अंगावर सारखीच साडी होती, पण तिने जी किंमत मोजली ती मला मोजावी लागली नाही.

म्हणून आज मला जो मोकळेपणा मिळतो, त्यात माझं कर्तृत्व थोडंच आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये केलेल्या कायद्यात, नोंद केलेला हिजडा बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. तिथपासून 15 एप्रिल 2014 पर्यंत यायला, म्हणजे आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्याने ठरवायचं असं सर्वोच्च न्यायालयाने म्हणेपर्यंत, रस्त्यावर मार कुणी खाल्ला? हिजड्यांनी, जोगत्यांनी, सिग्नलवर टाळी वाजवणाऱ्यांनी. त्या खटल्यात नाव घालून उभ्या राहिलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी आपल्या महाराष्ट्रातल्या. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याच्या व्याख्येत 'जोगता' हा शब्द आला, तो वाचताना मला दारातलं ते हिरवं लुगडं आठवलं. आमच्यातले काही जण "आम्ही त्यांच्यातले नाही हो" असं घाईने सांगतात, ते मला सहन होत नाही. मीही पूर्वी तसंच सांगायचो. त्याची मला लाज वाटते.

बदललं काय, तर ब्लाउज शिवणाऱ्या बाईंचं सांगतो. सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा खरं बोललो, "माझ्यासाठीच शिवायचाय." त्यांनी टेप गळ्यातून काढला, माझी छाती मापली आणि विचारलं, "पुढून हुक चालतील ना? मागचे तुम्हाला एकट्याला लागणार नाहीत." बस, इतकंच. शेजारच्या मशीनवरच्या मुलीने मान वर केली आणि पुन्हा कामाला लागली. आमच्या सोसायटीत मात्र अजून मी साडीत जिना उतरत नाही. कारमध्ये बसेपर्यंत वरून लांब कोट असतो. मेहुणा सणाला येतो, पण त्याची मुलं येत नाहीत.

पुढच्या रविवारी पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात संगीत नाटकाचा प्रयोग आहे. तिथे नारायणरावांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. मी तिथे साडी नेसून कधी गेलेलो नाही, आणि बायको माझ्याबरोबर तशी कधीच कुठे आलेली नाही. मी तिला विचारलंही नव्हतं. परवा तिकिटं फ्रिजवर चिकटवताना पाठमोरी असतानाच ती म्हणाली, "तुम्ही काय नेसणार ते आधी सांगून ठेवा. दोघांचा एकच रंग नको."