शरणपूर रोडवरचं शरणपूर

शरणपूर रोड माहीत आहे, पण शरणपूर कुठे आहे? मी शरणपूरचा म्हटलं की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा येतो, जरा दबक्या आवाजात: रामकुंड-पंचवटीच्या नाशकात ख्रिस्ती गाव आलं कुठून? तुम्ही विचारलंत, म्हणून दोन्हींचं सांगतो.

गाव जागेवरच आहे. कॅनडा कॉर्नरच्या बाजूची गर्दी, दुकानं, दवाखाने आणि क्लासच्या पाट्या यांत ते वेगळं दिसत नाही, इतकंच. संत आंद्रिया चर्च आलं की आपण शरणपुरात आहोत असं समजायचं. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी हे गाव वसवलं तेव्हा मात्र इकडे शहर नव्हतं. नाशिक म्हणजे गोदाकाठचे वाडे, पेठा आणि घाट. शरणपूर त्याच्या वेशीबाहेर, पश्चिमेला.

वेशीबाहेर का, ते कळलं की गाव कळतं. सोसायटीचं नाशकातलं काम १८३२ पासूनचं. पण बाप्तिस्मा घेणाऱ्याचं त्या काळी एका दिवसात सगळं तुटायचं. घर सुटायचं, पाणवठा बंद व्हायचा, सोयरीक संपायची. धंदाही जायचा, कारण धंदा जातीचा आणि गिऱ्हाईक गावातलं. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा सरकारने १८५० मध्ये केला होता. कोर्टात जमिनीचा वाटा त्याने मिळेलही, पण विहिरीवर घागर भरायला कोण देणार? आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आठवा. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. ही शिकल्यासवरल्या, नावाजलेल्या घरची गोष्ट. हातावर पोट असलेल्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा.

म्हणून शरणपुरात चर्चच्या जोडीने सुतारकाम-लोहारकाम शिकवणारे कारखाने निघाले, अनाथालय निघालं. गावाची ही बाजू मला सगळ्यात मोलाची वाटते. नुसता उपदेश करून मिशनला थांबता आलं असतं. ज्याला आपण घराबाहेर काढायला कारण झालो त्याच्या भाकरीची सोय आपणच करायची, ही जबाबदारी तिथे घेतली गेली. आमच्या घरात सांगतात की आमचा मूळपुरुष १८७६-७८ च्या दुष्काळात आई-बाप गमावून इथे आला. त्याच्या आधीचं गाव कोणतं, हे त्याला सांगता आलं नाही. म्हणून मूळ गाव विचारलं की आम्ही शरणपूरच सांगतो.

आणि आता ती गोष्ट, जी नाशिककरांनाही सहसा ठाऊक नसते. त्या काळी पूर्व आफ्रिकेतून माणसं धरून अरबी गलबतांत भरून विकायला नेत. ब्रिटिश आरमार अशी गलबतं पकडायचं, आणि सोडवलेली मुलं मुंबईला उतरवली जायची. त्यांतली बरीच शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली. ती इथे लिहा-वाचायला शिकली, हातचं कसब शिकली. १८६५ मध्ये आफ्रिकेचा शोध घेणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या सफरीसाठी माणसं शोधत नाशकात आला आणि इथले काही तरुण घेऊन गेला. सगळे टिकले नाहीत. काही जण वाटेतच त्याला सोडून गेले. एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत राहिला. पुढे १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनला कुमक म्हणून जी टोळी गेली तीत नाशिकचे आणखी सहा जण होते. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन त्यांतलेच.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात, लिव्हिंग्स्टन गेला. सोबतच्या आफ्रिकन माणसांनी त्याचं हृदय एका झाडाखाली पुरलं. त्या वेळची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. मग देह उन्हात वाळवून, बांधून, हजार मैलांहून जास्त, महिनोन् महिने वाटचाल करत त्यांनी तो समुद्रकाठी आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा शवपेटीला मान देणाऱ्यांमध्ये जेकब होता. गुलाम म्हणून विकला गेलेला, शरणपुरात अक्षर गिरवलेला मुलगा.

पुढे प्राइससाहेबच आफ्रिकेत गेले. १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोर त्यांनी सुटका झालेल्या गुलामांसाठी गाव वसवलं. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून ते फ्रिअर टाउन. तिथे शिकवायला, सुतारकी करायला, प्रार्थना चालवायला नाशिकहून आफ्रिकन कुटुंबं गेली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हेही नाशिकहूनच गेलेले. १८८५ मध्ये दोघांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेचे बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा उरलेल्या माणसांना जोन्सनेच परत किनाऱ्यावर आणलं. म्हणजे नाशकाच्या वेशीबाहेरचं गाव आफ्रिकेतल्या एका गावाचं माहेर झालं.

आमच्याकडे इतिहास सांगताना साहेबांची नावं पाठ असतात. प्राइस यांचं ऋण मी मानतो. पण गाव वसवणारा एक आणि गाव जगवणारे शेकडो, त्यांत ज्यांचा देश, आई-बाप, मूळचं नावसुद्धा हिरावलं गेलं होतं अशी मुलं. जेकब, मॅथ्यू, जोन्स, गार्डनर ही नावं आमच्या रविवारच्या शाळेत शिकवली जावीत असं मला मनापासून वाटतं. नाशिकच्या इतर शाळांतही शिकवावीत. हा फक्त ख्रिस्ती मंडळीचा इतिहास नाही, या शहराचा आहे.

बाकी आज आम्ही कसे राहतो म्हणाल, तर तुमच्यासारखेच. उपासना मराठीत, टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर, नाताळाला करंज्या आणि चिवडा.

एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी नोकरी-व्यवसायासाठी मोंबासाला जात असाल, तर फ्रिअर टाउनला जरूर जाऊन या. तो भाग आजही त्याच नावाने आहे, जुनी घंटाही उभी आहे. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात हयात होता, म्हणजे त्याला पाहिलेल्या माणसांची नातवंडं तिथे नक्की भेटतील. त्यांच्या घरात नाशिकबद्दल काय सांगत आले आहेत, हे विचारा आणि मला कळवा.