प्लस की मायनस? जुन्या डिस्कच्या बॅकअपला कोणती डीव्हीडी घ्यायची

बाबांनी रेकॉर्डरवर केलेल्या घरच्या व्हिडिओच्या डिस्क आहेत माझ्याकडे, जवळपास सगळ्या डीव्हीडी मायनस आर (एकदाच लिहिता येणारी, डिस्कवर DVD-R छापलेलं असतं; प्लसवर DVD+R), आणि त्यांच्या कॉप्या करायचं काम सध्या चालू आहे. पहिल्याच डिस्कला अडकलो. कोऱ्या डिस्क मी प्लस आरच्या आणून ठेवल्या होत्या, जुन्या डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, नीट निघाली, बर्न करायला (कोऱ्या डिस्कवर लिहायला) घेतली तर सॉफ्टवेअर म्हणतं जागा पुरत नाही. दोन्ही डिस्कवर ४.७ जीबीच छापलेलं, मग कमी कशी पडते?

मग सेक्टर, म्हणजे डिस्कवर डेटा ठेवायचे छोटे कप्पे, बघितले. मायनस आरमध्ये २२,९८,४९६ सेक्टर असतात आणि प्लस आरमध्ये २२,९५,१०४, एक सेक्टर २०४८ बाइटचा, म्हणजे फरक सगळा मिळून ७ एमबीच्या आसपास. एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण जुनी डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर तिची इमेज प्लसवर बसतच नाही. (विंडोज ४.३८ जीबी दाखवतं तो प्रकार वेगळा, ते १०२४ च्या हिशोबाने मोजतं म्हणून, त्यात डिस्कचा दोष नाही.) त्यामुळे मायनसची जशीच्या तशी कॉपी हवी असेल तर कोरी डिस्कही मायनसच घ्या.

दोन प्रकार मुळात झाले कारण दोन गट होते. मायनस आर पायोनिअरने १९९७ मध्ये आणली, ती डीव्हीडी फोरमची. प्लस आर २००२ मध्ये आली, त्यामागे फिलिप्स, सोनी, एचपी वगैरेंचा दुसरा गट होता. म्हणून टीव्हीला जोडायचा अगदी जुना प्लेयर असेल तर मायनस आर चालण्याची शक्यता जास्त. प्लसवाल्यांकडे यावर एक उपाय आहे, तो म्हणजे बुक टाइप, काही ड्राइव्ह बर्न करताना प्लस डिस्कवर 'ही डीव्हीडी रॉम (कारखान्यात छापलेली डिस्क) आहे' अशी नोंद करून देतात आणि मग अडून बसलेला प्लेयरही ती घेतो. मायनसला ही सोय नाही.

नुसत्या फायली ठेवायच्या असतील तर मी प्लस आर घेतो. त्यात ड्राइव्हला आपण डिस्कवर नेमके कुठे आहोत हे डिस्कवर कोरलेल्या खोबणीच्या नागमोडी वळणांतूनच कळतं, मायनसमध्ये त्यासाठी खोबणीच्या मधल्या जागेत बारीक खुणा असतात, आणि मला प्लसची पद्धत जास्त भरवशाची वाटते. पण खरं सांगू का, चांगल्या डायची (ज्या रंगाच्या थरावर डेटा लिहिला जातो त्याची) मायनस डिस्क ही हलक्या प्रतीच्या प्लस डिस्कपेक्षा कधीही बरी. चिन्ह दुय्यम आहे, डिस्क बनवली कशी हे आधी बघा.

आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी डिस्क, मात्र जपून ठेवायच्या गोष्टींसाठी नकोच. ती साधारण हजार वेळा पुसून लिहिता येते म्हणून मोह होतो, पण जे पुसता येतं ते चुकून पुसलंही जातं, आणि तिचं परावर्तन कमी असल्यामुळे जुने प्लेयर गोंधळतात. ट्रायल बर्नसाठी एखादी ठेवा.

विकतच्या छापील डिस्क बऱ्याचदा दोन लेयरच्या असतात, ८.५ जीबीच्या, त्यांना डबल लेयरच लागते. तिथे उलटं आहे, प्लस आर डीएल (डबल लेयर) मायनसपेक्षा किंचित मोठी. मी तिथे प्लसच घेतो आणि हळू बर्न करतो, कारण पहिला लेयर संपून दुसरा सुरू होतो त्या जागी गडबड झाली तर सिनेमा मधेच थांबतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्पीड आणि व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासणं. मी एक डिस्क १६एक्सला (मूळ वेगाच्या सोळापट) बर्न केली, पाच-सहा मिनिटांत झाली, ट्रे बाहेर आला, खूश झालो. नंतर व्हेरिफायला लावली तर ३.९ जीबीपर्यंत अगदी सुरळीत आणि तिथून पुढे ड्राइव्हचा आवाज बदलला, फिरायची, थांबायची, परत फिरायची, वाचायच्या वेगाचा ग्राफ सरळ खाली. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि कडेला सगळ्यात जास्त त्रास होतो. तीच इमेज त्याच पाकिटातल्या दुसऱ्या डिस्कवर ८एक्सला बर्न केली, सात-आठ मिनिटं लागली, शेवटपर्यंत स्वच्छ वाचली गेली. तेव्हापासून ८एक्सच, आणि इमेज नसेल, स्वतःच्या फायली असतील तर दोन-तीनशे एमबी कडेला रिकामे सोडतो.

व्हेरिफाय पण ज्या ड्राइव्हने बर्न केलं त्यावरच करून थांबू नका. स्वतःचं लिहिलेलं तो वाचतोच, दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून बघा. माझी एक डिस्क लॅपटॉपच्या ड्राइव्हवर व्यवस्थित चालली आणि डेस्कटॉपवर ओळखलीसुद्धा गेली नाही, ती नव्या डिस्कवर परत बर्न केली.

नाव लिहायचं ते पाण्याच्या शाईच्या मार्करने, मधल्या पारदर्शक गोलावर. डीव्हीडीत डेटाचा थर दोन चकत्यांच्या मधे असतो, त्यामुळे सीडीइतकी भीती नाही, पण कागदाचं लेबल चिकटवू नका, वजन एका बाजूला जातं आणि डिस्क फिरताना थरथरते. बाबांच्या दोन डिस्कवर अशी लेबलं आहेत, त्या वाचायला सगळ्यात जास्त वेळ लागला, पण दोन्ही निघाल्या.