तुम्ही विचारलंत म्हणून: टाकं केवढं बांधू?

“हरणांसाठी पाण्याची सोय करायची आहे, टाकं केवढं बांधू?” ज्यांची गावाबाहेर थोडीफार जमीन आहे, त्यांच्याकडून हा प्रश्न मला वर्षातून कितीदा तरी येतो, आणि उन्हं तापायला लागली की जास्तच. विचारणाऱ्याला मनापासून कळवळा असतो. आटलेल्या ओढ्यात उभं असलेलं एखादं जनावर त्याने पाहिलेलं असतं आणि ते त्याच्या डोळ्यांपुढून हलत नसतं. म्हणून मी उत्तर द्यायचं कधी टाळत नाही. पण फोनवर घाईघाईत जे सांगते ते अर्धवट राहतं, तेव्हा आज नीट बसून लिहिते आहे.

केवढं, हे माझ्या लेखी अगदी शेवटी ठरवायचं. आधी ठरवायचा तो काठ.

हे मला कळलं ते एका खारीमुळे. माझा पहिला हौद सिमेंटचा होता. चौकोनी, कंबरेएवढा खोल, भिंती सरळ उभ्या, त्यावर गुळगुळीत गिलावा. काम देखणं झालं होतं. दोन-तीन आठवड्यांत आतून शेवाळाचा पातळ हिरवा थर धरला. एका सकाळी पाण्यावर खार पालथी तरंगत होती, शेपूट भिजून दोरीसारखी झालेली. तिला बाहेर काढताना माझं भिंतीकडे लक्ष गेलं. पाण्याच्या रेषेच्या बोटभर वर शेवाळावर नखांचे ओरखडे होते. तीन-चार बारीक समांतर रेघा, मग थोडी कोरी जागा, पुन्हा रेघा. मी हौदाभोवती फिरून पाहिलं. ओरखडे चारही भिंतींवर होते. प्रत्येक ठिकाणी तिने वर चढायचा प्रयत्न केला होता, आणि भिंतीने तिला कुठेच धरू दिलं नव्हतं.

त्याच दिवशी मी एक फळी आणून तिरकी टाकली. वरचं टोक काठावर, खालचं टोक पुढे पाण्यात. आठवड्याभरात त्याच फळीच्या मागे, फळी आणि भिंतीच्या मधल्या फटीत, एक उंदीर मरून पडलेला सापडला. तेव्हा कुठे मला उलगडा झाला. पाण्यात पडलेला लहान जीव मधोमध जात नाही. तो भिंत धरून पोहत राहतो. फळी भिंतीपासून सुटी असेल तर तो तिच्या मागून निघून जातो, सुटकेची वाट हातभर अंतरावर असूनही. म्हणून उतार भिंतीला अगदी चिकटून हवा, भिंतीकडेने पोहणाऱ्याच्या वाटेत आडवा यायला हवा आणि तळापर्यंत टेकलेला हवा, म्हणजे पाणी निम्मं झालं तरी तो उपयोगी पडतो. पंचेचाळीस अंशांहून उभा नको, आणि पृष्ठभाग खरखरीत हवा. तुमच्याकडे आधीच सरळ भिंतींचा हौद असेल तर हे काम आजच करा. ओबडधोबड दगड एका कोपऱ्यात तळापासून वरपर्यंत नीट रचले, तरी भागतं.

नव्याने बांधणार असाल तर भिंतीच नकोत. परातीसारखा आकार करा. एका बाजूने तीन फूट आत गेल्यावर एक फूट खोली मिळेल, इतका सावकाश उतार ठेवा. पाडसाला त्यात उतरता येतं आणि घसरलं तर बाहेरही येता येतं. पक्ष्यांना बोटभर पाणी लागतं, तेही त्याच उतारावर मिळतं. मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी कडेला पाण्याबाहेर डोकावणारे दगड ठेवा. खोल भाग दुसऱ्या टोकाला राहू द्या. त्यावर तारा नकोत आणि वाकलेल्या फांद्याही नकोत. वटवाघळं उडता उडताच पाण्याला तोंड लावून जातात, त्यासाठी त्यांना सलग मोकळा पृष्ठभाग लागतो. मध्ये तार असली की ती तिच्यावर आपटतात आणि पाण्यात पडतात.

आता हरणांचा काठ. तो पाण्यापाशी संपत नाही. कलत्या उन्हात मी दूर बसून एका मादीला पाण्यावर येताना पाहिलं आहे. झुडपांच्या कडेला ती इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं, आता ही परत फिरणार. कान मात्र एकसारखे हलत होते, एक पुढे, एक मागे. मग चार पावलं आणि थांबणं, पुन्हा चार पावलं. पुढचे पाय किंचित फाकवून तिने मान खाली घातली, आणि दोन-तीन घोटांतच झटकन वर केली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं आणि ती मागे पाहत होती. मान खाली असते तेव्हाच हरीण सगळ्यांत असहाय असतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून दाट झाडोरा थेट पाण्याला लागून नको, त्यात दबा धरता येतो. अगदी उघड्या माळाच्या मध्यावरही पाणी नको, तिथवर यायची तिची छाती होत नाही. झुडपं वीस-पंचवीस पावलांवर असावीत आणि पळायला दोन-तीन दिशा मोकळ्या असाव्यात. कुंपणाच्या कोपऱ्यात तर पाणवठा करूच नका. आणि तुमच्या घरची कुत्री मोकळी फिरत असतील, तर आधी त्यांची व्यवस्था लावा. एकदा कुत्र्यांनी पिटाळलेली हरणं त्या पाण्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत.

काठाचा चिखलही बघावा लागतो. उत्तर अमेरिकेतल्या हरणांना ईएचडी नावाचा विषाणूजन्य रोग होतो. न्यू जर्सीत १९५५ साली तो पहिल्यांदा ओळखला गेला. तो हरणाकडून हरणाला थेट लागत नाही. क्युलिकॉइडिस जातीच्या बारीक चावऱ्या माश्या तो पसरवतात, आणि त्यांच्या अळ्या वाढतात त्या ओल्या चिखलात, विशेषतः आटत चाललेल्या डबक्यांच्या उघड्या पडलेल्या कडांवर. ताप चढलेली हरणं पाण्याकडे धाव घेतात आणि पुष्कळदा तिथेच मरतात. पाण्याकाठी मेलेली हरणं दिसली की पाण्यात कोणी विष कालवलं, असा संशय येणं साहजिक आहे. इतरत्रही अशा माश्या ब्लूटंगसारखे रोग पसरवतात. तेव्हा उतारावर खडी किंवा चपटे दगड घट्ट बसवा, आणि जास्तीचं पाणी एकाच जागी मुरत राहून कायमचा राडा होणार नाही, असं बघा. पाण्याशेजारी मीठ, धान्य, चारा काही ठेवू नका. जनावरं एकमेकांची लाळ लागलेलं खाऊ लागली की एकाचा रोग सगळ्यांना होतो.

मग केवढं? हरीण दिवसाला काही लिटरच पाणी पितं, चिंकारासारखी जात तर पुष्कळसं पाणी पाल्यातूनच मिळवते. खरं पाणी पितं ते ऊन. कडक उन्हात उघड्या पाण्यातून दिवसाला आठ मिलिमीटर उडून जाणं मुळीच विशेष नाही. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद पाणवठ्यावर त्याचे रोजचे ७२ लिटर होतात. म्हणून पसरट आणि अवाढव्य बांधण्यापेक्षा छोटा पाणवठा करा आणि शेजारी झाकलेली टाकी ठेवा. टाकीतून तरंगत्या चेंडूच्या झडपेने पाणी येत राहिलं की पातळी राहते. दुपारची सावली पडेल अशी जागा धरा. पंपाची सोय नसेल तर पावसावरही बरंच भागतं. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस चौरस मीटरचा पत्रा आणि १०० मिलिमीटर पाऊस असेल, तर दोन हजार लिटर. थोडं वाया जाईल ते सोडा.

इथवर ऐकून काही जण म्हणतात, मग असे दहा पाणवठे करतो. तिथे मी त्यांना थांबवते. कारण काठ आणखीही एक आहे. पाण्याभोवतीची जमीन खुरांनी तुडवली जाते, गवत खुरटतं, आणि पाण्यापासून जसजसं दूर जावं तसतसं ते बरं होत जातं. आर. टी. लँग यांनी ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या रानांत हे पाहून १९६९ साली त्याला ‘पिओस्फिअर’ असं नाव दिलं. पाणवठे जवळजवळ केले की ही वर्तुळं एकमेकांत मिसळतात आणि न चरलेलं रान उरत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात बोअर मारून शेकडो पाणवठे केले होते. उत्तरेकडच्या कोरड्या भागात त्या पाण्यामागे झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह आले. तिथली रोन ही मोठ्या कुरंगाची दुर्मिळ जात उंच गवतात विरळ राहणारी, तीही त्या सिंहांच्या तावडीत सापडू लागली. १९८६ साली ती सुमारे ४५० होती, १९९३ पर्यंत सुमारे ४५ उरली. पुढे तिथले पुष्कळ पाणवठे बंद केले गेले. ज्यांनी पाणी दिलं त्यांचा हेतू तुमच्या-माझ्यासारखाच होता. मला ही गोष्ट फार लागते, आणि म्हणूनच ती मी प्रत्येकाला सांगते. अर्ध्या कोसावर बारमाही झरा असेल, तर तुमच्या जमिनीला पाणवठ्याची गरजच नसेल. त्या झऱ्यापर्यंतची वाट कुंपणाने अडवू नका, एवढं पुरे.

आणि सुरू केलंत तर भर उन्हाळ्यात बंद करू नका. त्या पाण्याच्या भरवशावर एखाद्या मादीने जवळपास पाडस लपवून ठेवलेलं असतं. गावाला जाणार असाल तर झडप बघायला माणूस ठरवून जा.

माझा आताचा पाणवठा दोन मीटर रुंद आहे, जिथे सर्वांत खोल तिथे गुडघाभर. रोज सकाळी मी पालापाचोळा काढते, आणि काठावरून एक चक्कर मारून ओल्या खडीत कोणाची खुरं उमटली आहेत ते पाहते. तुम्ही पुढच्या खेपेला फोन कराल तेव्हा जमिनीचा उतार कुठल्या बाजूला आहे, जवळचं पाणी किती लांब आहे आणि दुपारी सावली कुठे पडते, एवढं बघून ठेवा. टाकं केवढं, ते मग पाच मिनिटांत ठरवू.