तळ्याच्या बर्फावर उतरण्यापूर्वी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात थंडीची पहिली लाट आली, की इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. बाहेर उणे अठरा अंश तापमान आहे, म्हणजे आता तळ्यावर चालायला हरकत नाही ना? निफाडचा पारा पाचच्या खाली उतरला की जिथे बातमी होते, त्या प्रदेशातून आलेल्या माणसाला उणे अठराला सगळेच दगडासारखे गोठले असणार असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बर्फाची जाडी त्या दिवशीच्या तापमानावर ठरत नसून, आधीचे दोन-तीन आठवडे कसे गेले यावर ठरते. त्यातही वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा जो आकडा हवामानखाते वेगळा देते, तो आपल्या कातडीसाठी आणि हिमदंशाच्या धोक्यासाठी महत्त्वाचा असला, तरी तळ्याच्या बर्फाबद्दल तो काहीच सांगत नाही. उलट, सुरुवातीच्या दिवसांत जोराचा वारा पाणी घुसळत राहिला तर तळे गोठायला उशीरच होतो.

पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. त्याचा खरा उपयोग इथे आल्यावर कळतो. हिवाळ्याच्या तोंडावर तळ्याचे वरचे पाणी थंड होऊन खाली बसते, खालचे वर येते, आणि ही उलथापालथ संपूर्ण तळे ४ अंशांपर्यंत उतरेपर्यंत चालू राहते. त्यानंतरच वरचा थर आणखी थंड होऊन तिथेच तरंगत राहतो आणि गोठतो. म्हणून उथळ तळी लवकर गोठतात आणि खोल तळी मागे राहतात. शेजारच्या डबक्यावर मुले स्केटिंग करताना दिसली, तरी मैलभर अंतरावरच्या मोठ्या तळ्याबद्दल त्यावरून काही ठरवता येत नाही. शिवाय बर्फ जसजसा जाड होतो तसतशी त्याची वाढ मंदावते, कारण खालच्या पाण्यातली उष्णता त्याच थरातून वर निघून जावी लागते. त्यावर फूटभर हिम पडले तर वाढ जवळजवळ थांबतेच. हिमात हवा कोंडलेली असल्यामुळे ते तळ्यावर रजई पांघरल्याचे काम करते, आणि त्याच्या वजनाने बर्फाचा थर खाली दबून भेगांतून पाणी वर येते, ते वेगळेच.

राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने दिलेले आकडे गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरणाऱ्या इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात. स्वच्छ, पारदर्शक आणि नव्या बर्फावर चालायचे तर जाडी किमान ४ इंच हवी. हिमावरून धावणाऱ्या स्नोमोबिलसाठी ५ ते ७ इंच, लहान मोटारीसाठी ९ ते १० इंच, आणि पिकअप ट्रकसाठी फुटाहून अधिक. मात्र हे आकडे पारदर्शक बर्फाचे आहेत. ओले हिम गोठून झालेला पांढरा, दुधट बर्फ त्याच्या निम्माच ताकदीचा धरायचा असतो. तिथे चालण्यासाठीही ८ इंच लागतात. करड्या रंगाच्या, पाणी मुरलेल्या बर्फावर पायच ठेवायचा नाही. आणि या आकड्यांसोबत ते खाते दरवर्षी न चुकता बजावते, की पूर्णपणे सुरक्षित असा बर्फ नसतोच.

जाडी मोजायची कशी, हे मी आमच्या सत्तरी ओलांडलेल्या शेजाऱ्यांकडून पाहिले. ते किनाऱ्यावरून निघताना हातात लोखंडी पहार घेतात आणि पुढचे पाऊल टाकण्याआधी तिथे ती जोराने आपटतात. एका घावात पहार आरपार गेली किंवा खालून पाणी वर आले, तर आल्या पावली मागे फिरायचे. पहार टिकली, की हाताच्या मोठ्या गिरमिटाने भोक पाडायचे. पात्यांभोवती आधी कोरडा, पांढरा भुसा जमतो, मग तो ओला होत जातो, आणि अचानक हातातला जोर नाहीसा होऊन भोकातून काळे पाणी वर येते. त्यात मोजपट्टी सोडून तिचे वाकवलेले टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवले, की जाडी कळते, आणि भोकाच्या भिंतीकडे पाहिले तर वरचे किती इंच दुधट आहेत आणि खालचे किती पारदर्शक, हेही दिसते. हे एकदा करून भागत नाही. साधारण दर दीडशे फुटांवर पुन्हा मोजावे लागते, कारण एकाच तळ्यावर एका ठिकाणी ६ इंच आणि पुढे थोड्याच अंतरावर २ इंच असे सर्रास आढळते.

असे का होते, ते मिनिआपोलिस शहरातल्या आणि आसपासच्या तळ्यांवरच चांगले समजते. बदे माका स्का आणि लेक ऑफ द आइल्स यांना जोडणारा कालवा पुलाखालून जातो. तिथे पाणी वाहते असल्याने बर्फ उशिरा धरतो आणि लवकर जातो. लेक मिनेटॉन्काच्या उपसागरांमधल्या अरुंद वाटांचेही तेच. रस्त्यांवरचे मीठ घेऊन येणारे पावसाळी गटारांचे पाणी जिथे तळ्यात उतरते, जिथे तळाशी झरा आहे, जिथे बदकांच्या थव्याने पाणी हलते ठेवले आहे, किंवा मासे जगावेत म्हणून जिथे हवेचे पंप बसवले आहेत, तिथला बर्फ पातळ असतो. पंपांच्या जागी धोक्याचे फलक लावणे कायद्याने बंधनकारक आहे. झऱ्यापाशी आणि बदकांपाशी फलक नसतात.

रात्री कडाका वाढला की तळ्यातून तोफ डागल्यासारखे किंवा एखादी ताणलेली तार तुटल्यासारखे आवाज येतात. पुण्याहून हिवाळ्यात आलेल्या माझ्या सासूबाई ते ऐकून फारच घाबरल्या होत्या. खरे तर तापमान बदलताना बर्फाचा प्रचंड थर आकुंचन किंवा प्रसरण पावतो आणि तडे जातात, त्याचा तो आवाज. चांगल्या जाड बर्फातही तो येतो. मला काळजी वाटते ती आवाजाची नव्हे, तर गर्दीची. मासेमारीचे चार तंबू आणि दोन गाड्या बर्फावर दिसल्या, की माणूस मोजायचे सोडून देतो. २०२३-२४ चा हिवाळा हा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार हिवाळा होता, आणि त्याच डिसेंबरच्या अखेरीस अप्पर रेड लेकवर वाऱ्याने बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून तोडून नेला, तेव्हा त्यावर शंभराहून अधिक मासेमारी करणारे लोक अडकले होते. सगळे सुखरूप परतले, पण त्यांच्यात नवशिके फारसे नसावेत.

एवढे करूनही बर्फ खचलाच, तर पहिल्या मिनिटाचे महत्त्व सर्वाधिक असते. मॅनिटोबा विद्यापीठातले संशोधक गॉर्डन गिजब्रेख्त यांनी हा हिशेब १-१०-१ असा मांडला आहे : गार पाण्याच्या धक्क्याने लागलेली धाप आटोक्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे १० मिनिटे, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण १ तास. म्हणजे पडताक्षणी गारठून मरतो हा समज खोटा आहे. माणूस दगावतो तो बहुधा त्या पहिल्या मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन. म्हणूनच लाइफ जॅकेट घालण्याला पर्याय नाही. कोट काढू नये, त्यात अडकलेली हवा तरंगायला मदत करते. ज्या दिशेने आलो तिकडेच तोंड फिरवावे, कारण त्या बर्फाने आपले वजन पेललेले असते. गळ्यात दोरीने अडकवलेल्या दोन मुठी, प्रत्येकीत एक टोकदार खिळा, असे साधन इथे थोड्या डॉलर्सना मिळते. ते बर्फात रोवून, पाय झाडत पोटावर वर सरकायचे आणि उभे न राहता लोळत दूर जायचे. मदतीला धावणाऱ्याने आधी ९११ ला फोन करावा आणि स्वतः काठावरून दोर, शिडी, अगदी गाडीची जम्पर केबलही फेकावी. कुत्रा पडला तर त्याच्यामागे जाऊ नये, हे ऐकायला निष्ठुर वाटते, पण कुत्रा पुष्कळदा आपला आपण बाहेर येतो आणि मालक येत नाही.

तळ्यावर मोटार नेण्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. नेणारे लोक खिडक्या उघड्या आणि पट्टा सोडलेला ठेवून अगदी हळू चालवतात, आणि त्याला कारण आहे : चालत्या गाडीच्या भाराने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते, ती किनाऱ्याजवळ उलटून येते, आणि वेग जास्त असेल तर थर तिथेच फुटतो.

सर्वांत फसवा काळ मात्र मार्चचा. ऊन प्रखर झालेले असते, बर्फ अजून पंधरा इंच भरतो, आणि तरीही तो भरवशाचा राहिलेला नसतो, कारण स्फटिकांच्या सांध्यांतून पाणी उतरून सगळा थर उभ्या, सुट्या कांड्यांचा झालेला असतो. जाडीचे आकडे इथे लागू पडत नाहीत. मासेमारीच्या खोपट्या तळ्यावरून काढण्याची शेवटची मुदत दक्षिण मिनेसोटात मार्चचा पहिला सोमवार आणि उत्तरेत तिसरा सोमवार अशी ठरलेली आहे. ती कायद्याची तारीख आहे, तोवर बर्फ टिकेल याची हमी नव्हे. आमच्या घरी फेब्रुवारीच्या अखेरीस मुलांचे स्केट्स माळ्यावर जातात आणि त्यानंतर फिरणे तळ्याकाठच्या पायवाटेने होते, मग तळ्यावर कितीही माणसे दिसोत.