उल्हासनगर : कितने पीस?

पुण्याहून मुंबईला जाताना अंबरनाथ मागे पडलं की खिडकीतून एक पिवळी पाटी सर्रकन निघून जाते. उल्हासनगर. वीसेक वर्षं मी ती पाटी बघते आहे, पण तिथे उतरावं असं कधी वाटलं नाही. मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नातल्या आहेराची यादी माझ्या गळ्यात पडली. लक्ष्मी रोडवर दोन दुपारी घालवून आले आणि तिथले भाव डोंबिवलीच्या मावशीला फोनवर वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले. "ड्रेसपीस घेतेयस की दागिने?" एवढंच विचारलं आणि म्हणाली, "शनिवारी ये. रिकाम्या पिशव्या आण. आणि त्या तुझ्या चांगल्या चपला नकोत."

डोंबिवलीहून ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी आणि मग उल्हासनगर. अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, खोपोली, कुठलीही लोकल चालते. मी फलाटावर समोर आलेल्या टिटवाळ्यात चढायला निघाले, तर मावशीने दंड धरून मागे ओढलं. कल्याणनंतर रूळ फुटतात. टिटवाळा, आसनगाव, कसारा या गाड्या शहाडकडे वळतात. गंमत म्हणजे शहाडला उतरलं तरी उल्हासनगरच लागतं, फक्त त्याचं दुसरं टोक. विठ्ठलवाडीला उतरलं तरी तेच. जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं शहर, पण चुकीच्या स्टेशनावर उतरलात तर खरेदी सुरू व्हायच्या आधीच पाय दुखायला लागतात.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने पहिलं विचारलं, "कोणता कॅम्प?" मला वाटलं लष्कराबद्दल विचारतोय. अगदीच चूक नव्हतं ते. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, दोन हजारांहून जास्त बराकींची. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना सरकारने त्याच बराकींमध्ये आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं. नाव बदललं, पण पत्ते काही बदलले नाहीत. आजही दुकानाच्या पाटीवर 'बॅरेक नंबर अमुक, कॅम्प नंबर तमुक' असंच लिहिलेलं असतं. एक ते पाच असे कॅम्प. रुळाच्या पश्चिमेला एक, दोन, तीन आणि पूर्वेला चार आणि पाच. एवढं पाठ करून ठेवा. इथे रस्त्याचं नाव सांगून कुणालाच काही कळत नाही.

आधी पोटाचं बघितलं. दाल पकवान. मऊ शिजलेली चण्याची डाळ, वर कांदा, हिरवी चटणी, चिंचेची चटणी आणि शेजारी तळून कडक केलेला, हात लावला की तुटणारा मैद्याचा पकवान. गाडीवर उभ्याने खाल्लं. पकवान डाळीत बुडवून ठेवायचा नसतो, तुकडा मोडून डाळ उचलायची असते, हे मला शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी, मी न विचारता, शिकवलं. मावशीचं लक्ष खाण्यात नव्हतं. ती समोरच्या दुकानांची शटरं किती वर गेली आहेत ते बघत होती.

गजानन मार्केट म्हणजे एक इमारत असेल अशी माझी समजूत होती. ते गल्ल्यांचं जाळं आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, वर लटकवलेले कपडे, खाली गठ्ठे आणि मधून डोक्यावर बोजा घेतलेले हमाल "साइड, साइड" ओरडत जातात. दुकानं रुंदीला एवढीशी आणि आत शिरलं तर खोलच खोल. मूळ बराकीची एक खोली, तिच्या पुढे ओटा, ओट्यावर छप्पर, छपरावर माळा, असं हे शहर वाढत गेलं आहे. कुठली भिंत परवानगीची आणि कुठली नाही हा गुंता इतका वाढला की २००६ साली फक्त उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी राज्याला वेगळा कायदा करावा लागला. गल्लीत वर बघत चाललात की त्या कायद्याची गरज समजते. अर्थात वर बघत चालू नका, बोजा येतो.

पहिल्या दुकानात मी माझ्या सवयीने म्हणाले, "तो राणी रंगाचा दाखवता का?"

गादीवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कितने पीस?"

"आधी बघते ना."

"हां, मगर कितने पीस?"

मी मावशीकडे बघितलं. ती कपाळाला हात लावून बाहेर निघून गेली होती.

गल्लीच्या तोंडाशी तिने मला उभ्या उभ्या शिकवलं. हा बाजार तुझ्यासाठी नाही, म्हणाली, हा दुकानदारांसाठी आहे. इथे खरेदीला येतात ते खेडोपाडीचे, जिल्ह्याच्या ठिकाणचे व्यापारी. तू त्यात चोरून शिरली आहेस. म्हणून आधी पीस सांग, मग कापड बघ, रंग सगळ्यात शेवटी. आणि 'कमी करा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. भाव उतरवायचा असेल तर आकडा वाढवायचा.

पुढच्या दुकानात तिने स्वतः करून दाखवलं. "बारा घेतले तर काय लावाल?" त्याने सांगितलं. तिने मान हलवली, कापड दोन बोटांत चोळलं. "आणि चौदा?" तो थोडा उतरला. मग खरा प्रश्न आला. सेट सहाचा होता. एका डिझाइनचे सहा रंग, प्लास्टिकच्या एकाच पिशवीत. चौदा हवे असतील तर अठरा घ्या, नाहीतर बारावर थांबा.

"दोन सुटे द्या ना," मी म्हणाले.

"दीदी, सेट नहीं टूटेगा."

सेट का तुटत नाही, ते गठ्ठा उघडल्यावर समजलं. राणी, मोरपंखी, आंबा, डाळिंबी, आकाशी आणि सहावा शेवाळी. प्रत्येक सेटमध्ये एक रंग असा असतोच, जो कुणी आपणहून घेणार नाही. सेट तोडला तर दुकानात दिवाळीपर्यंत शेवाळीच उरेल. तीन डिझाइनचे तीन सेट, म्हणजे अठरा पीस आणि तीन शेवाळी. आहेराला चौदा गेले तर उरले चार. मी नाही म्हणायच्या बेतात होते, तोवर मावशीने पैसे मोजून दिले होते. अठराचा हिशोब पुण्यातल्या अकराच्या आसपास बसला, त्यामुळे मी फार काही बोलले नाही.

घेण्याआधी तिने एक केलं. पाण्याच्या बाटलीतून रुमालाचं टोक भिजवलं आणि डाळिंबी रंगावर आतल्या बाजूने घासलं. रुमाल पांढरा राहिला. एका आधीच्या दुकानात तो गुलाबी झाला होता आणि तिथून आम्ही काही न बोलता उठलो होतो. सुती गाऊन घेतानाही तिने हेच केलं, शिवाय उलटा करून काखेतली शिवण ओढून पाहिली. इथे माल परत घेत नाहीत, बदलून मिळाला तर नशीब, आणि ट्रायल रूम वगैरे शब्द काढलात तर हसतील. जे बघायचं ते गादीसमोरच बघून घ्या. सुट्टीचा वार कुणाला तरी विचारून निघा, आणि दुपारी दोनच्या आत घाऊक गल्ल्या उरका. नंतर गर्दी किरकोळीची होते आणि गादीवरच्या माणसाचा धीर संपलेला असतो.

जपानी बाजारात आम्ही अर्धा तासच होतो. नावावर जाऊ नका, तोही कपड्यांचाच बाजार. इथे मात्र एक नग मागितला तरी कुणी तोंड वाकडं केलं नाही. घाऊक गल्ल्यांची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी सरळ इथेच यावं.

मला खरा वेळ घालवायचा होता तो फर्निचर बाजारात, कारण भाचीला कपाट आणि सोफा द्यायचं घाटत होतं. ओळीने दुकानं, आणि बऱ्याच दुकानांच्या मागे किंवा वर कारखाना. भुसा, फेव्हिकॉल आणि पॉलिशचा वास गल्लीच्या तोंडापासूनच येतो. पुढून बघितलं तर सगळं एकजात चकचकीत. म्हणून पुढून बघायचंच नाही. कपाट भिंतीपासून ओढायला लावा आणि पाठ बघा. पाठीला पातळ फळी ठोकलेली असते, तिची जाडी बोटाने समजते. दार उघडून कडेला बघा. सनमायकाची पट्टी जिथे संपते तिथे आतलं लाकूड दिसतं. प्लायचे थर दिसले तर प्लाय, दाबलेल्या भुशासारखं दिसलं तर ते पार्टिकल बोर्ड. पाणी लागलं की फुगतं. भाव मात्र दोन्हींचा सारख्याच आत्मविश्वासाने सांगितला जातो. सोफा असेल तर आडवा करायला सांगा. खालचं काळं कापड एका कोपऱ्यात उचकटून सांगाडा दाखवतील, नाही दाखवला तर पुढच्या दुकानात जा. आणि फोम किती डेन्सिटीचा ते बिलावर लिहून घ्या, कारण घरी आल्यावर ते बसूनच कळतं, तेही सहा महिन्यांनी.

एका दुकानात मला एक कपाट फार आवडलं. मालक चांगला होता, स्वतःहून म्हणाला की पुण्याला नेणार असाल तर इथून नेऊ नका. टेम्पोचं भाडं, इकडची हमाली, तिकडची हमाली, तिसऱ्या मजल्याचे वेगळे, असं त्याने माझ्याच कागदावर मांडून दाखवलं. बेरीज बघून मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. डोंबिवली-कल्याणकडच्यांना परवडेल, आपल्याला नाही.

शेवटचं काम मुलाच्या जीन्सचं. त्यासाठी रूळ ओलांडून पूर्वेला, कॅम्प पाचकडे. रिक्षात मावशीने जुना विनोद ऐकवला, 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा विनोद इथलेच लोक जास्त चवीने सांगतात. जीन्स इथे शिवल्या जातात त्या पुष्कळ. पूर्वी धुतल्या आणि रंगवल्याही इथेच जायच्या आणि ते निळं पाणी थेट वालधुनीत उतरायचं. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून येणारी हीच ती नदी. कोर्टकचेऱ्या झाल्या, धुलाईचे कारखाने बंद पडले. पण रिक्षातून पाण्याचा रंग बघितला तर खूश व्हावं असं अजून काही दिसत नाही.

जीन्समध्ये मी फसले. मावशी बाहेर चहा घेत होती आणि मी घाईने दोन घेतल्या. घरी येऊन जमिनीवर पसरल्या तेव्हा एकीचा डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंच लांब निघाला. कंबर मोजली होती, पाय मोजायचे असतात हे डोक्यातच आलं नाही. मुलगा ती दुमडून घालतो आणि ती फॅशन आहे असं सांगतो.

परतीच्या लोकलला संध्याकाळची गर्दी उलट्या दिशेने असल्याने बायकांच्या डब्यात चक्क बसायला मिळालं. पायाशी गठ्ठे. मावशी तिच्या आईची आठवण सांगत होती. पन्नासच्या दशकात या कॅम्पातली पोरं लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं, रुमाल, पापड विकायची, म्हणे. दुकानापेक्षा एक-दोन पैसे कमी. "आई म्हणायची, यांना काय सुटत असेल? पण ती पोरं दिवसाला शंभर विकायची," मावशी म्हणाली आणि सांगता सांगता तिने वरचा गठ्ठा सोडून उरलेले चार पीस मांडीवर घेतले.

विठ्ठलवाडीला एक बाई समोर येऊन बसली. कल्याण यायच्या आत तिने विचारलं, "केवढ्याला पडला हो?"

मावशीने भाव सांगितला. खरा नव्हे, पण फार खोटाही नव्हे. वर दुकानाचं नाव, गल्ली, कॅम्प नंबर, सगळं सांगितलं. बाईने आकाशी उचलून बघितला, पदर घेतात तसा खांद्यावर टाकून पाहिला.

"हा एवढा द्या मला."

मावशीने त्याच्याखाली एक शेवाळी सरकवला आणि दोन्ही मिळून तिच्या हातात ठेवले.

"दोन्ही घ्या. सेट तुटत नाही."

ठाकुर्ली येईपर्यंत बाईने पैसे मोजून दिले होते.