नेटहॅकमधलं सोकोबान: वाट वाकडी, पण बक्षीस मोठं

नेटहॅक हा भुयारात पातळ्या उतरत जायचा संगणक खेळ. त्यात ओरॅकल (भविष्य सांगणारं पात्र) जिथे भेटते, त्याच्या लगेच खालच्या पातळीवर वर जाणारा दुसरा जिना सापडला की समजा, सोकोबान हा धोंडे ढकलायच्या कोड्यांचा भाग तिथेच आहे. चार मजले आहेत. न गेलात तरी खेळ अडत नाही. पण शेवटी बॅग ऑफ होल्डिंग (सामानाचं वजन हलकं करणारी पिशवी) किंवा ॲम्युलेट ऑफ रिफ्लेक्शन (किरणांचे हल्ले परतवणारा ताईत) मिळतं, त्यामुळे ते टाळणं मला वेडेपणा वाटतो.

धोंडे ढकलून खड्डे बुजवायचे. धोंडा तिरका ढकलता येत नाही, एकामागे एक दोन असतील तर हलत नाहीत आणि कोपऱ्यात गेलेला कायमचा गेला. धोंडा अडला तर आधी पलीकडे राक्षस उभा आहे का ते बघा. वाट पाहा, तो तुमच्याकडे आला की मारा. फोर्स बोल्ट या मंत्राने धोंडा फोडता येतो, पण दर वेळी नशीब (खेळ आतल्या आत मोजतो तो आकडा) एकाने घटतं. उणे नशिबात प्रार्थना केली तर देव उलट कोपतो. लकस्टोन (नशीब आहे तिथेच टिकवणारा दगड) जवळ नसेल तर साधारण 600 चालींनी नशीब एक पायरी शून्याकडे सरकतं, तोवर दम धरा.

वरच्या दोन मजल्यांवर खड्ड्यांऐवजी भोकं आहेत. उडत ओलांडू म्हणाल तर थेट खाली पडाल. शेवटच्या प्राणिसंग्रहालयात (राक्षसांनी भरलेल्या खोलीत) आत घुसू नका, दारातच उभे राहून एकेकाला घ्या.

आणि हो, आपल्या गोव्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. इन्शुरन्स (मजला बदलताना खेळ नोंदवून ठेवणारी सोय) चालू असेल तर रिकव्हर हा सोबतचा प्रोग्राम वापरून शेवटचा मजला बदलला तिथपर्यंतचा खेळ परत मिळतो. त्यानंतर ढकललेले धोंडे मात्र पुन्हा ढकलायचे.